पटावरचे मूल आणि पैशाचा हिशेब

शिक्षकाच्या नावापुढे मुलांचे गुण मांडायचे, ही कल्पना अमेरिकेची नवी नव्हे. तिचा जुना नमुना १८६२ च्या इंग्लंडमध्ये सापडतो. रॉबर्ट लो यांच्या सुधारित संहितेने शाळेचे अनुदान परीक्षेला बांधले. वाचन, लेखन व अंकगणित या तिन्हींत उत्तीर्ण होणाऱ्या मुलामागे आठ शिलिंग मिळत. नापास झालेल्या प्रत्येक विषयाचे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. निरीक्षक येऊन एकेका मुलाची परीक्षा घेई. परिणामी मुले पुस्तकच पाठ करू लागली आणि बाकीचे विषय मागे पडले. स्वतः शाळा-निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू आर्नल्ड यांनी या यांत्रिकपणावर टीका केली. मुंबई इलाख्यातही निकालानुसार अनुदानाची पद्धत होती. इंग्लंडने ती १८९० च्या दशकात मोडीत काढली.

२००९ मध्ये अमेरिकेच्या 'रेस टू द टॉप' योजनेत ४३५ कोटी डॉलर होते. त्यासाठी अट अशी, की विद्यार्थ्यांचे गुण शिक्षकाशी जोडण्यास राज्याच्या कायद्याची आडकाठी नसावी. कोणते मूल कोणाच्या वर्गात, ही नोंद त्यामुळे कळीची ठरली. फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्क शहरातील सुमारे १८,००० शिक्षकांची गुणांकने नावानिशी प्रसिद्ध झाली. शंभराच्या क्रमवारीत इंग्रजीसाठी त्रुटीची मर्यादा सरासरी ५३ स्थानांची होती!

नोंद वाईट नव्हे; अडलेले मूल तिच्यावरूनच सापडते. पण त्याच नोंदीवर पैसा आणि अब्रू ठरू लागली, की ते मूल शिक्षकाला तोट्याचे वाटू लागते. १८६२ चा धडा एवढाच आहे.