धौलीचा शिलालेख आणि राज्यसत्तेचे उत्तरदायित्व

सम्राट अशोक आणि कलिंगयुद्ध यांविषयी आपल्या वाचकांस नव्याने काही सांगावे अशी स्थिती नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षेसाठी जो दिवस निवडला, तो अशोक विजयादशमीचा होता. त्या दिवसाच्या व्याख्यानांतून कलिंगाची कथा दरवर्षी सांगितली जाते : युद्ध झाले, अपार रक्तपात झाला, सम्राटाचे हृदय विदीर्ण झाले आणि तो धम्माकडे वळला. कथा खोटी नाही. परंतु ती पश्चात्तापापाशी थांबते, आणि पश्चात्ताप ही राज्यकर्त्याच्या मनातील घटना आहे. ज्याचे घर जळाले त्याच्या पदरात त्यातून काय पडले, हा प्रश्न या कथेत उद्भवतच नाही. तो प्रश्न आम्ही येथे उपस्थित करीत आहोत.

तेराव्या शिलालेखात अशोकाने स्वतःच आकडे दिले आहेत. राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी कलिंग जिंकला. दीड लक्ष लोकांना तेथून हलविण्यात आले, एक लक्ष मारले गेले आणि त्याहून कितीतरी अधिक लोक पुढे मरण पावले. एखाद्या विजेत्याने आपल्या विजयाचा असा हिशेब दगडावर कोरून ठेवावा, ही जगाच्या इतिहासात दुर्मीळ गोष्ट होय. परंतु हा लेख शाहबाजगढी, मानसेहरा, कालसी, गिरनार व एर्रगुडी येथे सापडतो. प्रत्यक्ष कलिंगात मात्र नाही. भुवनेश्वरनजीक दया नदीकाठी असलेल्या धौलीच्या खडकावर आणि गंजाम जिल्ह्यातील जौगड येथे अकरावा, बारावा व तेरावा हे तीन लेख वगळलेले आहेत. जखम पुन्हा उघडी पडू नये म्हणून तसे केले, असे पुष्कळ विद्वान मानतात. तसे असेलही. तथापि, ज्यांच्यावर आघात झाला त्यांनाच सोडून इतर सर्वांना खेद सांगितला गेला, ही वस्तुस्थिती आपण डोळ्यांआड करू नये. हलविलेल्या दीड लक्ष माणसांना परत आणल्याचा उल्लेखही कोणत्याच लेखात आढळत नाही.

वगळलेल्या लेखांच्या जागी तेथे दोन निराळे लेख कोरलेले आहेत. त्यांना आपण पृथक् शिलालेख म्हणतो. आमच्या मते अशोकाच्या राज्यनीतीचा खरा गाभा तेराव्या लेखात नसून या पृथक् लेखांत आहे. आणि आपल्या व्याख्यानांत नेमके तेच दुर्लक्षित राहतात.

पहिला पृथक् लेख तोसली येथील महामात्रांना, म्हणजे नगराचा न्यायनिवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. (जौगडच्या प्रतीत तोसलीऐवजी समापा हे नाव येते.) सर्व माणसे मला अपत्यांसारखी आहेत, हे यातील विधान सर्वश्रुत आहे आणि सभांतून ते वारंवार उद्धृत होते. त्याच्या पुढे काय आहे ते मात्र क्वचितच वाचले जाते. सम्राट अधिकाऱ्यांना बजावतो की, तुम्हांला कित्येक सहस्र जिवांवर नेमले आहे. माझा अभिप्राय तुमच्यापैकी काहींना कळतो, पण तोही पुरता नाही. एखाद्याला विनाकारण बंधन घडते, छळ सोसावा लागतो आणि त्याच्यासोबत आणखी पुष्कळ लोक दुःख भोगतात. हे कशामुळे घडते, याचे निदानही तो करतो : ईर्ष्या, शीघ्रकोप, निष्ठुरता, घाई, कामाचा सराव नसणे, आळस आणि थकवा.

या यादीपाशी आपण थोडे थांबू. निष्ठुरता व क्रोध तिच्यात असणार, हे अपेक्षितच आहे. परंतु त्यांच्याच पंक्तीला आळस आणि थकवा यांना बसविणे, हे कोण्या अनुभवी प्रशासकाचे निरीक्षण आहे. दुबळ्या माणसाचा छळ केवळ दुष्ट अधिकारी करतो असे नाही. कंटाळलेला अधिकारीही करतो. त्याने उठून जावयाचे तेव्हा तो उठत नाही, एवढेच पुरते. आणि सम्राट आळसाला स्वभावदोष म्हणून क्षमा करीत नाही. हे नीट पाळले नाही तर स्वर्गही नाही आणि राजाची कृपाही नाही, असे तो स्पष्ट बजावतो.

पुढे अंमलबजावणीची व्यवस्था येते. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावयाचा, मधल्या काळातही प्रसंगी वाचावयाचा, आणि ऐकणारा एकच माणूस असला तरी वाचावयाचा. दर पाच वर्षांनी जो कठोर नाही, उग्र नाही, अशा महामात्राला दौऱ्यावर पाठवावयाचे. उज्जयिनी व तक्षशिला येथील राजकुमारांनी तर तीन वर्षांहून अधिक काळ जाऊ द्यावयाचा नाही. म्हणजे अधिकाऱ्याला सद्गुणाचा उपदेश करून सम्राट थांबला नाही. त्याच्यावर देखरेख ठेवणारा नेमला, आणि ज्याच्यावर अन्याय होऊ शकतो त्या सामान्य माणसाच्या कानांवर नियम पडेल अशी तजवीज केली.

हेच पृथक् लेख १९८० नंतरच्या दशकात कर्नाटकातील सन्नती येथे भीमेच्या काठी सापडले; ती शिला एका मंदिरात मूर्तीचे पीठ म्हणून वापरलेली होती. यावरून ही आज्ञा एकट्या कलिंगासाठी नव्हती, असे मानावयास जागा आहे. पुणे व सोलापूर जिल्ह्यांतून वाहत जाणारी ती हीच भीमा, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

राज्याभिषेकानंतर तेरा वर्षांनी नेमलेले धम्ममहामात्र हा याच विचाराचा विस्तार होय. अनाथ, वृद्ध, नोकरचाकर आणि बंदिवान यांची काळजी घेणे हे त्यांचे काम. बंदिवानाला लहान मुले आहेत काय, तो वयोवृद्ध आहे काय, हे पाहून सुटकेचा विचार करावयाचा. सहाव्या लेखात सम्राट म्हणतो की, प्रजेचे काम घेऊन वार्ताहराने आपल्याकडे कोणत्याही वेळी यावे, भोजन चालू असले तरी यावे; आणि या श्रमाला तो प्राणिमात्रांच्या ऋणातून मुक्त होणे म्हणतो. दया आणि ऋण यांतील अंतर आपल्या समाजाला शिकविण्याची गरज नाही. दया करणारा हात आखडता घेऊ शकतो. ऋणको तसे करू शकत नाही.

ही कल्पना अशोकाने शून्यातून निर्माण केली नाही. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजाचे पहिले कर्तव्य म्हणून 'रक्खावरणगुत्ति' सांगितली आहे. तिच्यात नगरवासी, ग्रामवासी, श्रमण यांच्याबरोबर पशुपक्षीही येतात. त्याच सुत्तात पुढे एक राजा निर्धनांना धन देत नाही. दारिद्र्य वाढते, चोरी वाढते. तो काही चोरांना धन देतो, मग घाबरून एका चोराचा नगारे वाजवीत शिरच्छेद करवितो. ते पाहून लोकही शस्त्रे घडवितात आणि लुटलेल्यांचे शिर उडवू लागतात. समाजातील हिंसेचा उगम सुत्तकर्त्याने राजाच्या कर्तव्यच्युतीत दाखविला आहे.

अशोकाच्या मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत. देहदंड त्याने रद्द केला नाही. चौथ्या स्तंभलेखात दंडितांना फक्त तीन दिवसांची मुदत दिली आहे. आटविक लोकांना तर पश्चात्तापाच्याच लेखात आपल्या सामर्थ्याची आठवण करून दिली आहे. वनवासी समाजांच्या बाजूने पाहिले असता तो लेख निराळाच वाटेल.

अशोकाचे चक्र राष्ट्रध्वजावर आले आणि सारनाथचे सिंह राजमुद्रेवर. त्या राज्याने दुर्बलांच्या रक्षणासाठी १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा केला. त्याच्या चौथ्या कलमानुसार कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणारा, अनुसूचित जाती-जमातींबाहेरील लोकसेवक सहा महिने ते एक वर्ष कारावासास पात्र ठरतो. २०१५ च्या दुरुस्तीने ही कर्तव्ये नावनिशीवार लिहिली : तोंडी तक्रार लिहून घेऊन फिर्यादीला वाचून दाखविणे, गुन्हा नोंदविणे, प्रत देणे, साठ दिवसांत तपास संपविणे. १९९५ च्या नियमांप्रमाणे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीने जानेवारी व जुलै महिन्यांत, आणि जिल्हा समितीने दर तीन महिन्यांनी बैठक घ्यावयाची आहे. अशोकाच्या पंचवार्षिक दौऱ्यांपेक्षा ही मुदत कितीतरी कडक आहे. तरीही २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी येथे एका कुटुंबातील चौघांची हत्या झाली, त्या खटल्यात २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही खुनाबद्दल शिक्षा दिली, पण या कायद्याखालील गुन्हा सिद्ध मानला नाही.

आपल्या विहारांतून पौर्णिमेच्या वंदनेनंतर धौलीचा पहिला पृथक् लेख मराठीतून वाचावा आणि त्यामागोमाग चौथे कलम वाचावे, अशी आमची सूचना आहे. दोन्ही मिळून दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागणार नाही. ऐकावयास एकच माणूस आला, तरी वाचावे.