खिडकीपासून ड्रोनपर्यंत

मे २०१४ मध्ये लोअर परळच्या ‘फ्रान्सेस्कोज पिझ्झेरिया’ने वरळीच्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर ड्रोनने पिझ्झा पोचवला. अंतर साधारण दीड किलोमीटर. लोकांना गंमत वाटली. पोलिसांनी विचारलं, परवानगी कुणाची? त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर सूचना काढून खासगी ड्रोन उडवण्यावर बंदी घातली.

पोलिसांची चिंता सुरक्षेची होती. पण वाटेत कुणाच्या घरातलं काय दिसलं, हा प्रश्न वेगळा आहे. आणि तो जुना आहे बरं का! १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात एक उदाहरण दिलंय: एखाद्या गावाची तशी रूढी असेल, तर शेजाऱ्याच्या खासगीपणावर मोठं आक्रमण होईल अशी नवी खिडकी पाडता येत नाही. १८९१ मध्ये हा कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. म्हणजे हक्काचा आधार होता रूढी.

आता गिरगावातली चाळ डोळ्यांपुढे आणा. समोरासमोर गॅलऱ्या, दारं दिवसभर उघडी. तिथे खासगीपणा भिंतींनी कमी आणि नजर वळवण्याने जास्त राखला जायचा. बघणारा ओळखीचा असायचा. ‘काय रे, काय बघतोस?’ असं त्याला विचारता यायचं. ड्रोनच्या मागे कोण आहे, हेच आपल्याला दिसत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मार्च २०२१ च्या ड्रोनविषयक नियमांत, चित्रण करताना व्यक्तीचा आणि तिच्या मालमत्तेचा खासगीपणा जपावा, अशी तरतूद होती. पाच महिन्यांनी, २५ ऑगस्टला, त्यांच्या जागी नवे नियम आले. कागदपत्रं कमी झाली, शुल्क घटलं, हौशी लोकांची सोय झाली. ती तरतूद मात्र गळली. मुंबईत पोलिसांचे बंदी आदेश वेळोवेळी निघतात, तेही सुरक्षेसाठीच.

स्त्रीचं खासगी क्षणी चोरून चित्रण केलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे. पण लालबागच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या आजीवर ड्रोन घिरट्या घालत राहिला, तर? ड्रोनचे नियम वजन विचारतात, उंची विचारतात, झोन विचारतात. ‘काय बघतोस?’ हे विचारत नाहीत.

म्हणून हौसेने उडवणाऱ्यांना एवढंच सांगतो: उडवायची परवानगी मिळाली म्हणजे बघायची मिळाली असं नाही. समोर खिडक्या आल्या की कॅमेरा वळवा. चाळीत आपण नजर वळवायचो, तसाच.