ऐन घाईच्या सकाळी गिझर बंद पडला? काय कराल, काय टाळाल

सोमवारची सकाळ. हिंजवडीत नऊची मीटिंग, त्याआधी मुलांची स्कूलबस आणि नळाला गार पाणी! भूगाव, पिरंगुटपासून ताम्हिणीपर्यंत मुळशी तालुक्यात हिवाळ्यातच नव्हे, तर भर पावसाळ्यातही अंघोळीला गरम पाणी लागते. अशा वेळी गिझर बंद पडला की घाईत धोकादायक जुगाड केले जातात. ते टाळून काय करता येईल, जाणून घेऊया.

आधी हे तपासा

घरातले दिवे लागतात का? सगळीकडेच अंधार असेल तर बिघाड गिझरचा नाही. परिसरातली वीज गेली असल्यास महावितरणच्या 1912 क्रमांकावर तक्रार नोंदवा. फक्त गिझरच बंद असेल तर वितरण पेटीतला एमसीबी पडला आहे का ते पाहा. गिझरचा दिवा लागूनही पाणी गारच राहत असेल, तर बहुधा कॉइल जळालेली असते. वीज असूनही दिवा लागत नसेल, तर थर्मोस्टॅट किंवा कटआउटमध्ये दोष असू शकतो.

स्विच पुन्हा पुन्हा पडतोय?

गिझर बंद करून स्विच एकदाच वर करा. गिझर सुरू करताच तो पुन्हा पडला, तर तिथेच थांबा. एमसीबी जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडतो. आरसीसीबी मात्र वीज गळत असल्यास पडतो. घरांमध्ये तो साधारणपणे 30 मिलीअँपिअरचा असतो. कॉइलला तडा गेल्यास वीज पाण्यात उतरू शकते. म्हणजे स्विच पडणे हा त्रास नसून इशारा आहे. तो दाबून धरणे किंवा आरसीसीबी काढून थेट जोडणी करणे जिवावर बेतू शकते.

गॅस गिझर असेल तर

सिलिंडर संपला आहे का, बॅटरी उतरली आहे का, हे पाहा. वापरताना डोके दुखले, चक्कर किंवा मळमळ आली, तर लगेच मोकळ्या हवेत या. हवा खेळती नसलेल्या बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. या वायूला रंगही नसतो आणि वासही. कुणी बेशुद्ध पडल्यास त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि 108 वर फोन करा.

आजची अंघोळ कशी उरकायची?

सर्वात सुरक्षित मार्ग म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसवर पातेल्यात पाणी तापवणे. उकळते पाणी मुलांपासून दूर ठेवा. बादलीत आधी गार पाणी घ्या, मग गरम पाणी मिसळा.

हीटर रॉड वापरायचाच असेल तर तो खुणेपर्यंत पाण्यात बुडवल्यावरच स्विच लावा. पाणी तापले का हे बघायला हात घालण्याआधी स्विच बंद करून प्लग काढा. रॉड साध्या एक्स्टेन्शन बोर्डला लावू नका. 2000 वॅटचे उपकरण जवळपास 9 अँपिअर वीज ओढते. त्यासाठी 16 अँपिअरचा सॉकेट लागतो.

सोसायटीत सोलर असेल, तर ढगाळ दिवशी पाणी कोमट येणे हा बिघाड नाही. बॅकअप कॉइल आहे का, ते विचारून घ्या.

दुरुस्तीवाल्याला काय सांगाल?

गिझर किती लिटरचा, किती जुना, दिवा लागतो का, कोणता स्विच पडला आणि गळती आहे का, एवढे फोनवरच सांगा. योग्य सुटा भाग सोबत आला तर दुसरी फेरी वाचते. बोअरवेल किंवा टँकरचे पाणी जड असेल तर कॉइलवर क्षार साचतात. अशा घरी वर्षातून एकदा गिझर साफ करून घ्या आणि अर्थिंगही तपासून घ्या.

ऑफिसला अर्धा तास उशीर झाला तर मेसेज टाकता येतो. शॉक मात्र दुसरी संधी देईलच असे नाही.