कळसापासून पायापर्यंत : वेरूळच्या कैलासाविषयीचे तर्क

इमारत पायापासून वर चढते आणि कळस शेवटी बसतो, हा वास्तुरचनेचा सर्वमान्य क्रम होय. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील वेरूळच्या सोळाव्या लेण्यात, म्हणजेच कैलास मंदिरात, हा क्रम उलटा झालेला आहे. तेथे काही रचलेले नाही. जे आहे ते दगड काढून टाकल्यावर उरलेले आहे. जेम्स बर्जेस याने एकोणिसाव्या शतकात घेतलेल्या मापांनुसार मंदिराभोवतीचे प्रांगण सुमारे २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद असून मागील उभा कडा १०७ फूट उंच आहे. या खड्ड्याच्या मध्यभागी गोपुर, नंदिमंडप, सभामंडप आणि ९६ फुटांचे विमान एकाच अखंड कातळातून उभे आहे. त्यांना जोडणारे पूलदेखील कातळाचेच राखलेले आहेत.

असे काम पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न ‘हे कोणी केले’ असा न येता ‘हे झाले तरी कसे’ असा येतो. गेल्या बाराशे वर्षांत या प्रश्नाला अनेक उत्तरे मिळाली. त्या उत्तरांचा इतिहास मंदिराच्या इतिहासाइतकाच उद्बोधक आहे.

सर्वांत जुने उत्तर बडोद्याला सापडलेल्या ताम्रपटात आहे. गुजरातेतील राष्ट्रकूट शाखेचा कर्क सुवर्णवर्ष याने शके ७३४, म्हणजे इ. स. ८१२-१३ मध्ये, हे दानपत्र दिले. त्यात एलापुरावरील एका शिवमंदिराचे वर्णन येते. विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क झाले. ही माणसाची कृती नसून हे स्वयंभू असावे, असे त्यांना वाटले. पुढे ज्या शिल्पकाराने ते घडविले तोही स्वतःच्या कृतीने विस्मित झाला आणि असे काम पुन्हा आपल्या हातून होणे नाही, या जाणिवेने स्तिमित झाला, असा आशय आहे. हे वर्णन वेरूळच्या कैलासाचे असून त्याचा कर्ता राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (कारकीर्द सुमारे ७५६ ते ७७३) होय, हे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी दाखवून दिले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, प्रशस्तिकाराने ‘स्वयंभू’ हा तर्क देवांच्या तोंडी घातला आणि लागलीच त्याशेजारी मानवी शिल्पकार उभा केला. आश्चर्याला त्याने पुरेपूर वाव दिला, पण कर्तृत्व माणसाकडेच ठेवले.

दुसरे उत्तर मराठी परंपरेतील आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सुमारास कृष्ण याज्ञवल्की याने रचलेल्या ‘कथाकल्पतरू’ या ग्रंथात माणिकेश्वराची कथा आढळते. राजा व्याधिग्रस्त झाला. राणी माणिकावतीने घृष्णेश्वराला नवस केला की, पती बरा झाल्यास शिवाचे मंदिर बांधीन आणि त्याचा कळस दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला, परंतु इतक्या अल्प काळात कळस दाखविण्यास कोणी कारागीर धजेना. अखेर पैठणचा कोकस पुढे आला. त्याने डोंगराच्या माथ्यावरून काम आरंभले आणि आठवड्याच्या आत राणीला कळस दाखविला. ही दंतकथा होय. आठवड्याच्या मुदतीवर इतिहासकाराने विश्वास ठेवण्याचे कारण नाही. तरीही सुमारे सातशे वर्षांनंतरच्या या कथेने एक खरी गोष्ट जपली आहे : काम वरून खाली झाले. शिवाय कथेतील कोकस हे नाव हवेतले नाही. मध्य भारतातील कलचुरींच्या शिलालेखांत काही सूत्रधार स्वतःला कोकसाच्या कुळातील म्हणवून घेतात. लोकस्मृतीने राजाचे नाव विसरून कारागिराचे नाव लक्षात ठेवले, ही घटना आपल्याकडे विरळाच म्हणावी लागेल.

तिसरे उत्तर अगदी अलीकडचे आहे. एरिक फॉन डेनिकेन याच्या १९६८ सालच्या पुस्तकाने परग्रहवासीयांनी प्राचीन वास्तू उभारल्याची कल्पना जगभर पसरविली. ती प्रथम इजिप्तच्या पिरॅमिडांना चिकटली आणि पुढे दूरचित्रवाणी व संगणकीय माध्यमांतून कैलासापर्यंत पोहोचली. या मताचा युक्तिवाद आकड्यांच्या वेषात येतो. कैलासातून चार लाख टन दगड निघाला. तो अठरा वर्षांत काढला गेला. दिवसाचे बारा तास धरले तरी ताशी पाच टन होतात. छिन्नी-हातोड्याने हे अशक्य, सबब काही लुप्त यंत्र किंवा अस्त्र असलेच पाहिजे. आणि निघालेला दगड कोठे दिसत नाही, म्हणजे तो वितळून नाहीसा झाला असला पाहिजे.

या आकड्यांची तपासणी करण्यास कोणत्याही यंत्राची गरज नाही. बर्जेसची तीन मापे घेऊन संपूर्ण पेटीच पोकळ केली असे मानले, तर घनफळ सुमारे ४५ लाख घनफूट भरते आणि बेसाल्टच्या वजनाने ते पावणेचार लाख टनांच्या आसपास जाते. प्रत्यक्षात डोंगर पुढच्या बाजूला उतरता आहे आणि पेटीच्या पोटात सबंध मंदिर शिल्लक आहे. तेव्हा निघालेला दगड फार तर ३० लाख घनफूट, म्हणजे दोन ते अडीच लाख टन, धरणे रास्त होईल. वर्षाचे ३०० दिवस याप्रमाणे अठरा वर्षांचे ५,४०० दिवस होतात आणि रोजचे काम सुमारे ५५५ घनफूट येते. एका पाथरवटाने दिवसाला केवळ एक घनफूट दगड काढला असे समजले, तरी साडेपाचशे माणसे पुरतात. दोन घनफूट काढला, तर पावणेतीनशे. प्रांगणाच्या क्षेत्रफळात साडेपाचशे माणसे उभी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला पंचाहत्तर चौरस फूट जागा येते. ‘ताशी पाच टन’ हे शब्द ऐकताना डोळ्यांसमोर एकच माणूस उभा राहतो, म्हणून ते भयंकर वाटतात. त्या माणसाच्या शेजारी शेकडो जण होते, एवढेच या कोड्याचे उत्तर आहे. कोरीव काम, वाहतूक आणि लोहारकाम यांना लागणारी माणसे निराळी. पण राष्ट्रकूटांसारख्या बलाढ्य सत्तेला तेवढा समुदाय पोसणे अवघड नव्हते.

निघालेल्या दगडाचा प्रश्न तर केवळ कैलासालाच का विचारावा? वेरूळच्या ३४ लेण्यांतून, तसेच अजिंठा, कार्ले, भाजे, कान्हेरी येथूनही दगड निघालाच होता. त्याचे ढीग आज लेण्यांच्या दारांत नाहीत, म्हणून ती लेणी अस्त्राने कोरली असे कोणी म्हणत नाही. दगड फोडला की तो ढिगात पडून राहत नाही. उताराने खाली जातो, भरावाला, भिंतीला, वाटेला लागतो.

अस्त्रवाद्यांना सर्वांत अडचणीची साक्ष अपुऱ्या कामांची आहे. तमिळनाडूतील मामल्लपुरम् येथे पल्लवांच्या काळातील पिडारी रथांचे शिखर घडलेले आहे, पण खालचा भाग ओबडधोबड कातळच राहिला आहे. कळुगुमलै येथील आठव्या शतकातील वेट्टुवन् कोविलचीही हीच स्थिती. वरून खाली कोरण्याची रीत तेथे अर्ध्यावर थांबलेली स्पष्ट दिसते. तिच्यामागचे कारणही साधे आहे : पायाखालचा न कोरलेला कातळच कारागिराची परात होतो, निराळी बांधावी लागत नाही. कैलासाची रचना पट्टदकल येथील चालुक्यांच्या विरूपाक्ष मंदिराशी निकट नाते सांगते, आणि त्या चालुक्यांचे राज्य राष्ट्रकूटांनीच जिंकले होते. म्हणजे कैलास हा आकाशातून पडलेला चमत्कार नसून दक्षिणेतील एका दीर्घ परंपरेचे टोक आहे.

पिरॅमिडांची कहाणी याहून वेगळी नाही. खुफूच्या पिरॅमिडासाठी एक लाख माणसे वीस वर्षे राबली असे हिरोडोटसने नमूद केले. दगड वर कसे चढविले, उतरण सरळ होती, वळणावळणाची होती की आतून होती, यावर विद्वानांत आजही मतभेद आहेत. परंतु १९९० साली गिझा येथे कामगारांची दफनभूमी सापडली आणि २०१३ साली तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील वादी अल्-जर्फ येथे मेरेर नावाच्या मुकादमाची पपायरसवरील रोजनिशी हाती आली. आपली टोळी तुरा येथील खाणीतला चुनखडक नावेने गिझाला कशी नेत होती, याच्या नोंदी तीत आहेत. पद्धतीविषयी वाद उरला. कर्त्याविषयी उरला नाही.

कैलासाविषयीचे खरे पर्यायी सिद्धांतही असेच आहेत. बडोदे संग्रहालयाचे हेर्मान गोएट्स यांनी १९५२ साली असे प्रतिपादले की, हे काम दंतिदुर्गाच्या काळात सुरू होऊन अनेक राजांच्या कारकिर्दींत टप्प्याटप्प्याने वाढत गेले. डेक्कन कॉलेजचे मधुकर केशव ढवळीकर यांनी १९८२ साली शिल्पशैलीची छाननी करून मुख्य मंदिर व त्याचा आराखडा पहिल्या कृष्णाच्याच काळातील असून काही भाग तेवढे नंतरचे, असा निष्कर्ष मांडला. दोघांचे मत एक नाही. पण दोघेही भिंतीवरील शिल्पाकडे बोट दाखवून बोलतात आणि त्यांचे म्हणणे त्याच भिंतीसमोर तपासता येते. पर्यायी सिद्धांत आणि कल्पनाविलास यांच्यातील सीमारेषा ती हीच.

या वादात पणाला लागले आहे ते केवळ मंदिराचे कालमान नव्हे. उभारलेल्या इमारतीत चुकलेला दगड बदलता येतो. कोरीव मंदिरात एकदा उडालेला कपचा परत बसत नाही. जे अद्याप दिसत नाही ते मनात पुरते ठरवूनच टाकीचा पहिला घाव घालावा लागतो. कैलासाचे थोरपण या अचूक संयमात आहे, आणि अस्त्राने वितळविलेल्या डोंगराला संयमाची गरजच पडत नाही. ताम्रपटाच्या कवीने शिल्पकाराला स्वतःच्या कामापुढे थक्क झालेला दाखविले, लोककथेने त्याला कोकस हे नाव आणि पैठण हे गाव दिले. एकविसाव्या शतकाने मात्र विज्ञानाची भाषा बोलत त्याच्या हातातली छिन्नीच काढून घेतली. जुन्या कथेत आठवड्याची मुदत तेवढी खोटी होती. नव्या कथेत माणूसच उरलेला नाही.