विंडोजवर सिग्नलच नव्हते, मग पोस्टग्रेसने काय केलं?

आजचा किस्सा २००५ सालचा. १९ जानेवारीला पोस्टग्रेसची ८.० आवृत्ती आली आणि हा डेटाबेस विंडोजवर थेट चालायला लागला. त्याआधी मध्ये सिगविनचा थर घालावा लागायचा. म्हणजे आपल्या जबलपूरच्या तेव्हाच्या नॅरोगेजसारखंच: डबा ब्रॉडगेजवर ढकलता यायचा नाही, गोंदियाला उतरून गाडी बदलावी लागायची!

अडचण काय होती? पोस्टग्रेस युनिक्सवर वाढलेला. प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस, आणि त्या एकमेकींना सिग्नल देतात. सिगहप आला की सेटिंग पुन्हा वाच, सिगइंट आला की चालू क्वेरी सोड. विंडोजच्या सी लायब्ररीत सिग्नल जेमतेम सहा, त्यात सिगहप नाहीच. शिवाय दुसऱ्या प्रोसेसला सिग्नल पाठवायची युनिक्ससारखी सोयही नाही. तिला सरळ मारून टाकता येतं, पण मग आवराआवरीला क्षणही मिळत नाही. आणि एक प्रोसेस अशी मेली की शेअर्ड मेमरीचा भरवसा जातो, म्हणून पोस्टग्रेस सगळ्यांचीच कनेक्शनं तोडतो. एकाची क्वेरी थांबवायला सगळं ऑफिस बंद, असं कसं चालेल?

मग त्यांनी सिग्नल स्वतःच बनवले. प्रत्येक प्रोसेस आपल्या नंबरच्या नावाचा एक नेम्ड पाइप उघडते आणि एक थ्रेड त्यावर कान लावून बसतो. पाठवणारा त्यात एक बाइट टाकतो: सिग्नलचा नंबर. पोच म्हणून एक बाइट परत येतो. बस्स, इतकंच. मला तरी हे फार आवडतं.

पण एक मेख आहे. युनिक्सचा सिग्नल चालू काम मध्येच तोडून आत शिरतो. इथे थ्रेड फक्त चिठ्ठी ठेवतो; मुख्य कोडने ती स्वतः बघायची. म्हणून कोडमध्ये जागोजागी ‘काही निरोप आलाय का?’ अशी तपासणी लागते. लांबलचक लूपमध्ये ती राहिली, तर तुम्ही कॅन्सल दाबत बसा, क्वेरी काही थांबत नाही. नेटवर्कची वाट बघत झोपलेल्या प्रोसेसचं काय? तिथे सिलेक्ट आणि रिसीव्ह ही फंक्शनंच नव्याने लिहिली, म्हणजे डेटा आला काय किंवा चिठ्ठी आली काय, जाग येणारच.

विंडोजवर किल कमांडही नव्हती, म्हणून ती पीजी-सीटीएलमध्ये घातली. आजही तिथेच आहे.