समुद्राविना नारळी पौर्णिमा

श्रावणी पौर्णिमेस कोकण किनाऱ्यावरील कोळी बांधव समुद्रास नारळ अर्पण करतात आणि पावसाळ्यात थांबलेली मासेमारी पुन्हा सुरू होते. या सणाचा सारा अर्थ समुद्राशी निगडित आहे. आपल्या पांढुर्णा-सौंसरपासून तो समुद्र फार दूर. नुसते नागपूर ते मुंबई हेच अंतर रेल्वेने ८३७ किलोमीटर भरते. तरीही आपल्याकडील अनेक जुन्या मराठी घरांत त्या दिवशी नारळीभात होतो. ज्वारी, कापूस, तूर आणि संत्री पिकविणाऱ्या या भूमीत हे पक्वान्न कसे रुजले, हा प्रश्न केवळ जिभेचा नाही. आपण कोण आणि कोठून आलो, या प्रश्नाशी तो जाऊन भिडतो.

सातपुड्याच्या घाटाखालचा हा पट्टा देवगडच्या गोंड राज्याचा. अठराव्या शतकाच्या मध्यास तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. त्यांच्या अमलात देशावरून व वऱ्हाडातून आलेली शेतकरी, कारकून आणि पाटील-मालगुजार घराणी येथे स्थिरावली. काहींची वस्ती त्याहूनही जुनी. देशावरून येणाऱ्यांनी सोबत देव आणले, कुळाचार आणले आणि सणांचे पंचांगही आणले. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. १७५१ पासून १८०३ पर्यंत ओडिशाचा किनारा भोसल्यांच्या ताब्यात होता. म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ नागपूर दरबाराला स्वतःचा समुद्र होता आणि तोही नारळाच्या प्रदेशातला. आपण कोकणाकडेच पाहत राहतो, पूर्वेकडे सहसा पाहत नाही. आपल्या जाम नदीचे पाणीसुद्धा अखेर गोदावरीतून पूर्व समुद्रालाच मिळते आणि तेथे, त्रिभुज प्रदेशातील कोनसीमेत, नारळाच्या बागाच बागा आहेत!

तथापि, ओला नारळ आपल्या स्वयंपाकघराचा कधी नव्हता. आपल्या रश्श्याला लागते ते सुके खोबरे, विस्तवावर भाजून काळपट केलेले. नारळ आला तो श्रीफळ म्हणून: ओटीत, कलशावर, सुपारी फुटताना आणि जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीपुढे. जो नारळ देवापुढे फोडला, त्याचेच खोबरे प्रसाद म्हणून घरी आले आणि तेथून ते भातात गेले, असा क्रम मला तर्कास धरून वाटतो. तांदळाची कथाही तशीच. भाकरीच्या या मुलखात भात हे सणावारी पानात पडणारे अन्न होते. चांगला तांदूळ भंडारा-बालाघाटकडून येई. १८६७ साली मुंबईचा लोहमार्ग नागपूरपर्यंत आला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नागपूर-इटारसी मार्गाने पांढुर्णा जोडले गेले. सौंसरला नागपूर-छिंदवाडा ही छोटी गाडी होती. रूळ रुंद करण्यासाठी ती २०१५ साली बंद झाली. या मार्गांनी नारळ सुलभ झाला. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ निघाली आणि ज्या घरांत परंपरा नव्हती तेथेही छापील प्रमाणाने नारळीभात होऊ लागला.

कृती सोपी आहे, पण तिला क्रम आहे. दोन वाट्या तांदूळ धुऊन तासभर निथळत ठेवावा. चिनोर मिळाल्यास उत्तम. या सुगंधी तांदळाच्या बालाघाटच्या वाणाला २०२१ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. जाड बुडाच्या पातेल्यात तुपावर चार-पाच लवंगा टाकून तांदूळ हलक्या हाताने परतावा, दुपटीहून किंचित कमी आधणाचे पाणी व चिमूटभर मीठ घालावे आणि भात मोकळा शिजवून परातीत पसरावा. तो पुरता शिजलेला हवा, कारण गूळ पडल्यानंतर दाणा मऊ होत नाही, उलट आकसतो. गार झाल्यावर दोन वाट्या खवलेला नारळ आणि दीड ते दोन वाट्या चिरलेला गूळ त्यात मिसळावा. शेजारच्या नरसिंहपूर जिल्ह्यातील करेलीचा गूळ प्रसिद्धच आहे. मग पातेल्याखाली तवा ठेवून मंद आचेवर दोन-तीन वाफा द्याव्यात. गूळ आधी पातळ होतो; तेव्हा घाबरून ढवळू नये, शिते मोडतात. भात तो रस हळूहळू पिऊन घेतो. शेवटी वेलदोडा, बेदाणे आणि चारोळी. ओला नारळ नसेल तेव्हा सुक्या खोबऱ्याचा कीस कोमट पाण्यात भिजवून घालतात. दुधात भिजवू नये, गुळाने दूध फाटण्याचा संभव असतो.

या साऱ्या साहित्यात खरी आपली म्हणावी अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे चारोळी. छिंदवाड्याच्या जंगलात ती वेचणारे हात बहुतांशी गोंड आणि भारिया बांधवांचे. समुद्राच्या सणातील भातावर डोंगराची ही मुद्रा उमटली आहे आणि त्याबद्दल आपण पुरेसे ऋण मानलेले नाही.

फिलिपीन्समध्ये या भाताचे एक भावंड आहे. त्याचे नाव बिको. चिकट जातीचा तांदूळ, नारळाचे दूध आणि तांबूस साखर, एवढेच त्याचे साहित्य. नारळाचे दूध आटवत नेले की तेल सुटते आणि तळाशी तपकिरी कण राहतात. त्यांना लातिक म्हणतात व ते वर पसरतात. केळीच्या पानावर थापून बिकोच्या वड्या पाडतात. आपला भात मोकळा हवा, त्यांचा घट्ट. आपण तूप घालतो, ते नारळाच्याच तेलावर भागवतात. दोन्हींत उसने घेतलेले काही दिसत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक अभ्यासाने नारळाची लागवड पॅसिफिकच्या बाजूस आणि हिंदी महासागराच्या बाजूस अशी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुरू झाल्याचे दाखविले आहे. तांदूळ आणि नारळ जेथे एकत्र आले तेथे गोड भात सुचलाच असणार. बिको मात्र नारळाच्या सावलीत राहिला आणि आपला भात सावली सोडून इतक्या दूर आला, हाच काय तो फरक.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, ही आपली रीत ठरली. सरकारी सुट्ट्यांच्या यादीत श्रावणी पौर्णिमा ‘रक्षाबंधन’ असते. दुसऱ्या दिवशी भुजलिया निघतात, आपली मुलेही त्यांत हौसेने जातात, आणि ते योग्यच आहे. नारळी पौर्णिमा हे नाव मात्र अनेक घरांत आता फक्त कालनिर्णयच्या पानावर उरले आहे. भात होतो, पण नातवंडे त्याला ‘मीठा चावल’ म्हणतात. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नव्या जिल्ह्याचा इतिहास कधीतरी लिहिला जाईल. त्यात महसूल, रस्ते आणि गोटमार येईलच. नारळीभात येण्यासाठी तो आधी आपण लिहून ठेवावा लागेल. ज्यांच्या घरी आजी-पणजीच्या हातची पाककृतींची वही असेल, त्यांनी तिची एक प्रत मंडळाच्या ग्रंथालयात द्यावी. वाटीचे माप आजच्या ग्रॅममध्ये बदलू नये, आणि वही कोणत्या गावची, हे पहिल्या पानावर अवश्य लिहावे.