वाचा आणि घास : एका विद्येचा आपल्याकडील प्रवास

कुंभारवाड्याहून म्हैसूर दूर आणि मुंबईही दूर. तथापि या दोन्ही शहरांशी आपल्या जिल्ह्याचे नाते राज्यकारभाराने जोडून दिलेले आहे. १८६२ साली कारवारचा हा मुलूख मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत तो म्हैसूर राज्यात गेला. योगायोग असा, की बोलणे, ऐकणे आणि गिळणे यांतील विकारांवर उपचार करणारी विद्या भारतात ज्या शहरांत प्रथम रुजली, त्यांत ही दोन्ही शहरे अग्रभागी आहेत. जुन्या घराण्यांतील आपल्या वाचकांना वकिलीची, वैद्यकीची, शिक्षकी पेशाची परंपरा परिचित आहे. या विद्येची मात्र फारशी ओळख नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

वाचेचे दोष आपल्या पूर्वजांनी पाहिले नव्हते असे नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या प्रकरणी मूक, मिन्मिन आणि गद्गद हे तीन प्रकार सांगितले आहेत : न बोलणारा, नाकात बोलणारा आणि अस्पष्ट बोलणारा. शिक्षाग्रंथकारांनी तर कंठ, तालू, मूर्धा, दंत आणि ओष्ठ अशी उच्चारस्थाने निश्चित केली. आपली वर्णमाला त्याच क्रमाने चालते, आणि आजचा उपचारक मुलाचे उच्चार तपासताना याच स्थानांचा माग काढतो. मात्र शिक्षाकारांचे लक्ष शुद्ध पाठावर होते. ज्याला बोलताच येत नाही त्याला बोलते कसे करावे, हा त्यांचा विषय नव्हता.

तो विषय युरोपात एकोणिसाव्या शतकात उभा राहिला. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याने एका रुग्णाच्या मेंदूचे शवविच्छेदन केले. हा मनुष्य समजून घेई सारे, पण उच्चारी केवळ ‘तां’ एवढेच. मेंदूच्या डाव्या पुढच्या भागातील इजेशी त्याची अवस्था जोडली गेली आणि वाचाघाताच्या अभ्यासाला पाया मिळाला. पुढे १९२५ साली अमेरिकेत या व्यवसायाची संघटना स्थापन झाली, १९४५ साली ब्रिटनमध्ये वाचोपचारकांचे महाविद्यालय उभे राहिले.

आपल्याकडे ९ ऑगस्ट १९६५ रोजी म्हैसूर येथे केंद्र शासनाच्या आरोग्य खात्याने ‘अखिल भारतीय लोगोपेडिक्स संस्था’ सुरू केली. हे जड नाव पुढे बदलून ‘अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था’ असे झाले, ते बरेच झाले म्हणायचे. १९६६ च्या जुलै महिन्यात राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. मुंबईतही त्याच दशकात नायर रुग्णालय व टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालय येथे हे शिक्षण सुरू झाले. पुढे बरोबर अठरा वर्षांनी, ९ ऑगस्ट १९८३ रोजी, वांद्र्यास अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९७१ पासून १९७६ पर्यंत महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या गृहस्थांचे नाव तिला दिले आहे.

या संस्थांतून पदवी घ्यावयाची तर तीन वर्षे वर्गात व चिकित्सालयात आणि चौथे वर्ष प्रत्यक्ष उमेदवारीत घालवावे लागते. विद्यार्थ्यास शरीररचना शिकावी लागते, ध्वनिशास्त्रही, मानसशास्त्रही आणि भाषाशास्त्रही. एका पदवीत इतक्या दूरदूरच्या विद्या क्वचितच एकत्र नांदतात.

गिळण्याचा विषय या शिक्षणात उशिरा आला. १९८३ साली जेरी लोगमन या अमेरिकन विदुषींचा गिळण्याच्या विकारांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर तो अभ्यासक्रमांत हळूहळू रुळला. वाचेच्या उपचारकाने घासाकडे का पाहावे, असे कोणासही वाटेल. पण ओठ, जीभ, टाळू आणि स्वरयंत्र हे अवयव दोन्ही कामांना तेच. घास उतरताना स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वास क्षणभर थांबतो, श्वासमार्ग मिटतो. पक्षाघातात हा मेळ बिघडला की अन्नपाणी फुप्फुसाकडे जाते, आणि पुष्कळदा ठसकाही लागत नाही. पुढे न्यूमोनिया होतो आणि घरच्यांना कारण उमगत नाही. म्हणून बेरियम मिसळलेला घास देऊन क्ष-किरणांखाली तो कोठे जातो हे पाहण्याची पद्धत विद्यार्थ्यांना शिकवतात.

आपल्या भागात आजाऱ्याला पेज देण्याची रीत आहे. ती मायेची खरी. परंतु पेजेत पातळ पाणी आणि सुटी शिते एकाच घोटात येतात, आणि ज्याचे गिळणे बिघडले आहे त्याला हे दोन्ही एकदम सांभाळणे अवघड जाते. निव्वळ पाणी तर सर्वांत वेगाने घसरते. अशा वेळी तपासणी करून तीच पेज घोटून एकजीव व दाट करावी असे उपचारक सांगू शकतो. घरच्यांना हा सल्ला प्रथम विचित्र वाटतो.

कायद्याने या क्षेत्राची दखल सावकाश घेतली. १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्याने शिक्षणावर व व्यावसायिकांच्या नोंदणीवर देखरेख आली. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात श्रवणदोष होता, वाचादोष नव्हता. ‘वाचा व भाषा दिव्यांगत्व’ हे शब्द २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत आले. गिळण्याचा विकार त्या यादीत स्वतंत्रपणे नाही.

आपल्यासारख्या सीमाभागातील कुटुंबांना सर्वांत जवळचा प्रश्न भाषेचा आहे. मराठीत ‘चाक’ मधला च दंत्य आणि ‘चिमणी’ मधला तालव्य. कोकणीतही असाच भेद आहे, शिवाय सानुनासिक स्वर विपुल. प्रमाण कन्नडात दंत्य च नाही. केवळ कन्नड जाणणाऱ्या परीक्षकाला जोयडा तालुक्यातील मुलाचा निर्दोष च सदोष वाटू शकेल, आणि कोकणी बोलणाऱ्या म्हाताऱ्याचा अनुनासिक स्वर टाळूचा दोष.

वाचाघातात तर अनेक भाषा जाणणाऱ्याच्या साऱ्या भाषा सारख्याच प्रमाणात परत येतातच असे नाही. रिबो याने १८८१ साली म्हटले, की आधी शिकलेली भाषा अधिक टिकते; पित्र याने १८९५ साली म्हटले, की अधिक सरावातली आधी परत येते. दोघांनाही अपवाद सापडले आहेत. सुपा धरणाच्या पाण्याखाली गाव गेल्यावर रामनगरला येऊन राहिलेल्या एखाद्या वृद्धाची घरची बोली कोकणी, पोथीची भाषा मराठी आणि बाजाराची कन्नड असेल, तर उपचार कोणत्या भाषेत करावा? म्हणून पहिल्या भेटीत विद्यार्थ्याने घरच्यांना विचारावयाचे असते : हे हिशेब कोणत्या भाषेत करीत, रागावत कोणत्या भाषेत, आणि देवापुढे काय म्हणत?